हातभर फीत

"महाराज, मले काही नको."

आवाज मोठा नव्हता. घागर विहिरीत सोडावी, तिनं पाण्याला टेकावं आणि भरत भरत जड होत जावं, तसा तो भरत येणारा आवाज होता. अकोल्याच्या एका सभागृहात, लाकडी खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या पोराच्या कानावर तो पडला आणि त्याच्या मागोमाग हसू आलं. आधी मागं कुणीतरी एकटंच हसलं. मग जोंधळ्यातून वारं यावं, तसं ते हसू एकेका रांगेला धक्का देत पुढं आलं.

रंगमंचावर राणी कुंतलमाला उभी होती. अंगावर भाड्याची जरीची साडी, कानात खोटे मोती. सिंहासनावरचा राजा ओठ दाबून छताकडं पाहत होता. सगळं नाटक जड, शुद्ध भाषेत चाललेलं आणि त्यात ऐन मागणं मागायच्या वेळी राणीच्या तोंडून 'मला'च्या जागी 'मले' निघून गेलं होतं. हसणारे लोक काही परगावचे नव्हते. घरी गेल्यावर तेही 'मले-तुले'च बोलणार होते. पण तिकीट काढून खुर्चीत बसलं की माणसाचे कान पुण्याचे होतात.

राणीचं काम करत होती इंदूबाई. कापसाच्या जिनिंगात कामाला लागलेल्या नवऱ्यामागं खेड्यातून अकोल्याला आलेली शेतकऱ्याची लेक. भुलाबाईच्या गाण्यांच्या दिवसांत गल्लीत तिचा आवाज ऐकून उद्धवराव वकिलांनी तिला बोलावणं धाडलं होतं. मोर्णा नाट्यमंडळी ही त्यांची, नाटक त्यांनीच लिहिलेलं आणि गाणारी बाई काही केल्या मिळत नव्हती. वकिलांनी तिच्याकडून एकेक वाक्य घोटून घेतलं. चूल फुंकताना, भांडी घासताना, इंदूबाई 'मला, मला, मला' म्हणत असायची, जप केल्यासारखी.

पहिल्या रांगेतला पोरगा तिचाच. श्याम, वय सात. शेजारच्या खुर्चीवर वकिलांची मुलगी होती, दोन वेण्यांची, त्याच्याहून थोडी मोठी. ती हसत नव्हती. तिनं आपलं सरळ विचारलं, "ती तुझी आई आहे ना रे?"

श्याम म्हणाला, "नाही."

आणि उठून बाहेर गेला.

नाटक सुटेस्तोवर तो सायकलींच्या रांगेआड बसून राहिला. माय आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं, पण काजळ कानापर्यंत ओघळलं होतं आणि एका कानात खोटा मोती तसाच राहून गेला होता. तिनं एवढंच विचारलं, भूक लागली का. घरापर्यंत तो तिच्या पुढं-पुढं चालत गेला, दोघं वेगवेगळ्या घरची असल्यासारखा.

त्यानंतर इंदूबाई कुठल्या तालमीला गेली नाही. आणि श्याम शुद्ध बोलायला शिकला.

शुद्ध म्हणजे किती, तर पुढं अमरावतीत शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागल्यावर नवे मास्तर त्याला विचारत, तुम्ही मूळचे कुठले? त्याला ते बरं वाटे. बायको पौर्णिमा मात्र दर्यापूरकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "बाहेर घाला ना इस्तरीची भाषा. घरात तरी तिले लुंगी नेसू द्या." श्याम हसायचा, पण लुंगी काही नेसवायचा नाही.

अशा माणसाला छंद लागावा कशाचा, तर संगीत नाटकांचा. पूर्ण प्रयोगांच्या ध्वनिफिती, नांदीपासून भरतवाक्यापर्यंत, मधल्या खोकल्यांसकट आणि वन्समोअरसकट. पगार बेताचा, त्यातून घर, पोरीचं शिक्षण, आईची औषधं. छंदाच्या वाट्याला जे उरे ते उरलं म्हणावं असंही नसे. म्हणून त्यानं आपली एक रीत बसवली होती. इतवारा बाजारातला बंडू रद्दीवाला कॅसेटी किलोनं घेई आणि श्यामला निवडू देई. त्या बदल्यात श्याम त्याचा बिघडलेला रेडिओ नाहीतर पंखा नीट करून देई. कोऱ्या कॅसेटी आता मिळत नाहीत, म्हणून कुणाकुणाची जुनी प्रवचनं आणून, वरच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावून, त्यावर नाटक उतरवायचं. "बुवा मोक्षाले लावून राहिले होते अन् तुमी त्याईले पुसून नाचगानं भरून राहिले," असं पौर्णिमा म्हणे. टेप-डेक मोडका घेतलेला. त्याचा पट्टा सुटला की शिलाई मशीनच्या दुकानातून काही मिळतं का पाहायचं. कॅसेटी मिठाईच्या खोक्यांत, कडुनिंबाचा पाला घालून.

आणि तुटलेल्या फिती जोडण्यात श्यामचा हात कुणी धरत नसे. सांगलीपासून नागपूरपर्यंतचे शौकीन एका व्हॉट्सॲप गटात होते. कुणाची फीत तुटली, गुंतली, की पाकीट अमरावतीला येई. जोडून द्यायची, आणि मोबदला म्हणून एक नक्कल स्वतःला ठेवून घ्यायची. इतक्या बायका, इतक्या राण्या, इतक्या दासी त्याच्या खोक्यांत गात होत्या. जगातल्या सगळ्या नाटकांतला आवाज त्यानं जमवला होता, एक सोडून.

इंदूबाई त्याच्याचकडं राहायची. आता पिकलेली, पण बोलणं तेच, बिनइस्त्रीचं. शौकिनांपैकी कुणी घरी आलं की ती आपणहून आतल्या खोलीत जाई. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं, ही गोष्ट श्यामला अधूनमधून, जेवताना घास हातात असताना आठवे आणि घास तसाच राही.

संक्रांतीच्या आधी गटावर एक निरोप आला. अकोल्याच्या एका बाईंच्या घरी 'संगीत कुंतलमाला'च्या एकमेव प्रयोगाची फीत सापडली आहे, शेवटच्या दोन अंकांची. तुटलेली आहे. जोडून मिळाली तर ती सर्वांसाठी इंटरनेटवर टाकायची आहे. खाली कुणीतरी म्हाताऱ्यानं लिहिलं, हेच का ते 'मले'वालं नाटक? आणि त्याखाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. जोंधळ्यातून वारं आल्यासारखी.

श्यामनं फोन उपडा ठेवला. मग सुलटा केला आणि लिहिलं, मी जोडून देतो. मी स्वतः येऊन घेऊन जातो.

आता दुसऱ्या कुणाच्या हाती ती जायच्या आधी ती त्याच्या हाती यायला हवी होती. पुढं काय करायचं ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. आतल्या खोलीत माय तुरीच्या शेंगा सोलता सोलता गुणगुणत होती, तिची स्वतःचीच ओवी:

तुरीच्या शेंगीमधी दाने बसले ओयीनं,
माह्या बापाच्या वाटेनं ऊन उतरे सोयीनं.

रविवारी त्यानं बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं, दोन्ही अंगांनी तुरी पिवळ्या पडलेल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या. घरी त्यानं अकोल्याला काम आहे एवढंच सांगितलं होतं.

बाईंचं नाव त्याला गटावरच कळलं होतं. चारुशीला. उद्धवराव वकिलांची मुलगी. दार उघडलं तेव्हा समोर पांढऱ्या केसांची, चष्म्यातली बाई होती, आणि श्यामला दिसत होत्या दोन वेण्या. ती आपल्याला ओळखेल म्हणून तो चपला काढताना उगाच वाकून राहिला. तिनं काही ओळखलं नाही. पाणी दिलं, चहा-चिवडा पुढं ठेवला, अमरावतीच्या थंडीची चौकशी केली.

मग तिनं कॅसेट आणली आणि वडिलांचं सांगत बसली. बाबांनी शेवटच्या दिवसांत ही कॅसेट लावायचा हट्ट धरला होता. लावली आणि तटकन तुटली. बाबा लहान मुलासारखे रडले. ती राणी, ती राणी, एवढंच म्हणत. त्या बाईला मी पुन्हा बोलवायला हवं होतं, मी मंडळींपुढं तोंड उघडलं नाही, असं म्हणत. नाव विचारलं तर आठवत नसे, सगळीच नावं पुसली गेली होती त्यांची.

"मलाही नाव माहीत नाही हो," चारुशीला म्हणाली. "इंटरनेटवर टाकताना राजा, प्रधान, दासी सगळ्यांची नावं देता येतील, आणि गाणारी बाईच बिननावाची. तुम्ही इतकं जमवता, तुमच्या कानावर कधी आलं होतं? कोण होती ती?"

श्यामनं चहाची कपबशी खाली ठेवली. बशीत थोडा चहा सांडला.

"नाही," तो म्हणाला. "काही कल्पना नाही."

तोच शब्द होता. विचारणारीही तीच. सात वर्षांच्या पोराला निदान उठून बाहेर पळता आलं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिवडा संपेपर्यंत बसून राहावं लागलं.

परतीच्या गाडीत कॅसेट शर्टाच्या वरच्या खिशात होती, छातीला लागून. ती टोचत नव्हती, पण तो सारखा तिच्यावर हात ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, माय देवळात आणि पौर्णिमा बाजारात गेलेली पाहून, त्यानं कॅसेटचं कवच उघडलं. फीत पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच तुटली होती, ते जोडणं म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा खेळ. जोडली, डेकमध्ये घातली, कानांना हेडफोन लावले.

आधी खुर्च्यांची करकर. पेटी. मग माय.

तरुण माय. त्याच्या पोरीपेक्षा काही फार मोठी नसलेली माय. एकेक जड शब्द असा उचलत होती की जणू शेजारणीकडून मागून आणलेली काचेची भांडी, फुटली तर भरून द्यावी लागतील. श्याम डोळे मिटून ऐकत राहिला. ते येत होतं, जवळ येत होतं. महाराज, मले काही नको. आणि हसू. फितीवर ते आठवणीतल्यापेक्षा लहान होतं. तसं पाहिलं तर एक श्वास घेऊन सोडावा एवढंच. पण श्यामचे कान तापले, मान तापली.

त्यानं डेक थांबवला. मागं केला. पुन्हा ऐकलं. मग कॅसेट काढली, फीत बाहेर ओढली, आणि 'मले'च्या आधी एक, हसू विरल्यावर एक, असे ब्लेडनं दोन तिरके छेद दिले. मधला तुकडा हातभर निघाला. टोकं जुळवली, पारदर्शक पट्टीचा पातळ काप लावला, नखानं घासला. लावून पाहिलं. राणी म्हणत होती, "महाराज... या रानातली एक सावली तेवढी द्या." मागणं अधिकच गोड झालं होतं. कुठं टिचकी नाही, कुठं धक्का नाही. त्याच्या हातून इतका साफ सांधा क्वचितच जमला असेल.

हातभर तुकडा त्यानं फेकला नाही. का नाही ते त्याला सांगता आलं नसतं. गुंडाळून काड्यापेटीत ठेवला आणि काड्यापेटी मिठाईच्या खोक्यात, पाल्याखाली.

आणि मग त्याच्या मनात आलं की आता मायला ऐकवता येईल. हे आधी मनात का नाही आलं, याचं उत्तर काड्यापेटीत होतं. पण काम साफ झालं की माणूस स्वतःलाच शाबासकी देतो. इतक्या वर्षांचा काटा काढला, आता मायला तिचं गाणं तेवढं परत देऊ, असं त्याला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला तेव्हा उतरत्या उन्हात माय ओट्यावर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. पौर्णिमा बाजूला बसून हात लावत होती. श्यामनं डेक उंबऱ्यात आणून ठेवला आणि लावला.

पहिल्या दोन वाक्यांतच पौर्णिमाचे हात थांबले. तिनं सासूकडं पाहिलं, मग डेककडं, पुन्हा सासूकडं. "आई, हा तुमचा आवाज हाये?" लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला हे ठाऊक नव्हतं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. श्यामला नजर खाली घ्यावी लागली.

इंदूबाई शेंगा सोलतच होती. नखानं शिवण उसवायची, अंगठ्यानं दाणे सुपात. मागणं जवळ आलं तसा तिचा अंगठा थांबला. आवाज म्हणाला, महाराज, या रानातली एक सावली तेवढी द्या. इंदूबाईनं मान वर केली, डेककडं पाहिलं, आणि पुन्हा शेंग उचलली. श्यामला वाटलं, पार पडलं.

बाजू उलटली. दुसऱ्या बाजूला शेवटचा अंक होता, जो श्यामनं ऐकला नव्हता. तेव्हा तो सायकलींच्या आड होता, आणि काल तुकडा कापल्यावर घाईत त्यानं ही बाजू लावून पाहिली नव्हती. म्हणजे हसल्यावरही मायनं नाटक सोडलं नव्हतं. पेटीनं सूर दिला आणि ती गायला लागली, आणि या वेळी काचेची भांडी उचलल्यासारखं नाही, तर आपल्या रानात आपली मोट चालल्यासारखं.

सावलीस मी सावली झाले,
उन्हात उभी राहुनी...

अंतरा वर चढत होता, सभागृहात कुणी खोकत नव्हतं, आणि नेमकं टोकाला जाताना आवाज तुटला. मधेच. एक ओळ नाहीशी झाली आणि पुढची अर्ध्यातून सुरू झाली, जिना चढताना पायरीच नसावी तशी.

श्यामचा हात तोंडावर गेला. कॅसेटच्या दोन बाजू म्हणजे दोन फिती नसतात. एकाच फितीच्या वरच्या काठावर एक बाजू, खालच्या काठावर दुसरी, उलट दिशेनं. हे बंडू रद्दीवाल्यालाही माहीत होतं. श्यामनं तर दुसऱ्यांना शंभरदा समजावलं होतं: कापायचं नसतं, फक्त जोडायचं असतं. एका काठावरचं हसू कापताना त्यानं दुसऱ्या काठावरचं मायचं गाणं कापलं होतं.

"अवो, काय झालं? टेप खराब हाये?" पौर्णिमानं विचारलं.

इंदूबाईनं सूप बाजूला सरकवलं. पदरानं हात पुसले. "टेप खराब नाई," ती म्हणाली. "तो शब्द काढला नं रे तू?"

श्यामनं डेक बंद केला. त्यानं होकारार्थी मान हलवली.

"लोक हासले ते बी काढलं?"

"हो."

"त्यापायी गानं गेलं?"

"हो, आई."

इंदूबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली, अगदी थोडं, जुन्या कुण्या चुलत बहिणीची गोष्ट निघाल्यासारखं. मग बोलायला लागली, आणि पुष्कळ बोलली, कधी सांगितलं नव्हतं ते. वकीलसाहेब भला माणूस होता. त्यानं शिकवलं तसं ती सगळं म्हणत गेली. पण त्या जागी राणीला मागायचं होतं. आणि मागताना माणसाच्या तोंडात दुसऱ्याची बोली टिकत नाही. लेकरू भाकर मागते, बाई देवाजवळ मागते, ते घरच्याच बोलीत.

"त्या नाटकात तो एकच शब्द माहा होता, श्याम," ती म्हणाली. "बाकी समदं वकीलसाहेबाचं होतं. तू माहाच तेवढा कापला."

पौर्णिमा उठून आत गेली.

जरा वेळानं इंदूबाई सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवत म्हणाली, स्टेजावरून मागचं दिसत नाही, पण पहिली ओळ दिसते. तिनं एवढंच सांगितलं. खुर्ची रिकामी दिसली होती, मग ते शेवटचं गाणं तिनं त्या खुर्चीकडं पाहूनच म्हटलं, बाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. "ऐकू आलं होतं का रे तुले?"

श्यामला खोटं बोलता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. आयुष्यातलं हे तिसरं 'नाही' तेवढं खरं होतं, आणि तेच सगळ्यांत जड गेलं.

काय बोललो होतो आपण त्या दिवशी शेजारच्या मुलीला, हे त्यानं तिला सांगितलं नाही. ते सांगायचं दार दुसरं होतं.

त्यानं काड्यापेटी काढली. तुकडा गुंडाळून ठेवल्यानं वळला होता, एका जागी चुरगळला होता. तो ताटलीवर सरळ करत बसला, मायनं लुगड्याची घडी मोडावी तसा हलक्या बोटानं. जुना सांधा सोडवला, तुकडा मधे ठेवला, दोन नवे सांधे घातले. या वेळी वळलेली टोकं नीट बसेनात आणि सांधे साफ आले नाहीत. 'मले'च्या आधी बारीकशी टिचकी वाजू लागली, आणि दुसऱ्या बाजूला गाण्यातही, जणू कुणी दारावर नखानं टकटक करतंय. काढून पुन्हा घालायचा विचार त्यानं केला. मग तसंच राहू दिलं. आपण इथं हात घातला होता, हे फितीवर राहिलेलंच बरं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा अकोल्याला निघाला. या वेळी घरी खरं सांगून. मायनं जाताना ओल्या तुरीच्या सोल्यांच्या भाजीचा डबा दिला, वकीलसाहेबाच्या लेकीला. "तिची माय चहा देत होती मले तालमीले," एवढं म्हणाली आणि दारातच उभी राहिली, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत.

चारुशीलानं डबा घेतला, कुणाकडून म्हणून विचारलं. श्याम म्हणाला, आधी ऐका. तिनं वडिलांचा जुना टेप पुसून ठेवला होता. दोघं समोरासमोर बसली. नाटक सुरू झालं. टिचकी वाजली. राणी म्हणाली, महाराज, मले काही नको. आणि सभागृह हसलं, ते हसू तिथल्या भिंतींवर आदळून खोलीत पसरलं.

चारुशीलानं टेप थांबवला. तिचा चेहरा उतरला होता. तिला आठवत होतं, ती म्हणाली, तो प्रयोग, ते हसणं. ती तिथंच होती. मग तिनं थोडं संकोचत विचारलं, हे एवढं काढून टाकता नाही का येणार? आता सगळं जग ऐकणार. लोक पुन्हा हसतील. तुमचा हात चांगला आहे, कळणारही नाही. कुणाची कोण बिचारी, असेल-नसेल, तिच्यावर उगाच.

काल-परवापर्यंत हेच शब्द श्यामचे होते, एका मात्रेचाही फरक नव्हता. ते दुसऱ्याच्या तोंडून, भल्या मनानं आलेले ऐकताना त्याला आपलं तोंड आरशात दिसल्यासारखं झालं.

"काढता येतं," तो म्हणाला. "मी काढलं होतं. दुसऱ्या बाजूचं गाणं जातं त्यानं."

त्यानं कॅसेट उलटली आणि शेवटचं गाणं लावलं. पेटी, मग आवाज. सावलीस मी सावली झाले. टिचकी. आणि मग ती ओळ, पूर्ण, टोकापर्यंत, बाहेर सायकलींच्या आड बसलेल्या कुणालाही ऐकू जावी अशी. चारुशीलाच्या चष्म्याआड पाणी आलं. गाणं संपल्यावर फितीवरच्या सभागृहात टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांना श्याम तिथं नव्हता. बसल्या जागी त्यानं मान खाली घातली आणि त्या पूर्ण ऐकून घेतल्या.

"कोण होती हो ही?" चारुशीला हळूच म्हणाली, त्याला नव्हे, टेपलाच विचारल्यासारखी.

श्यामनं तोंड उघडलं. शुद्ध शब्द जिभेवर तयार होते, इस्त्री केलेले, घडी घातलेले. 'त्या माझ्या मातोश्री.' ते काही बाहेर येईनात. हे सांगणं माफी मागितल्यासारखं होतं, आणि मागताना दुसऱ्याची बोली टिकत नाही.

"तुमी मले इचारलं होतं तवा," तो म्हणाला. आवाज चिरकला, तरी त्यानं थांबू दिला नाही. "पयल्या ओयीत, तुमच्या बाजूच्या खुर्चीवर मी होतो. मी नाई म्हनलो. इंदूबाई नाव हाये तिचं. ते माही माय हाये."